ज्येष्ठांचा पहिला संगणक : माउस त्यांच्याच हाती असावा

नोव्हेंबर महिना उजाडला, की निवृत्तिवेतनधारकांच्या घरी हयातीच्या दाखल्याचा विषय हमखास निघतो. पूर्वी हा दाखला म्हणजे बँकेची पायपीट, रांग आणि कारकुनासमोर केलेली सही. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ ही सुविधा सुरू केली आणि आधारच्या साह्याने हा दाखला डिजिटल स्वरूपात देता येऊ लागला. नोव्हेंबर २०२१ मध्ये केवळ चेहऱ्याच्या ओळखीवरूनही तो देण्याची सोय झाली. रांग गेली, तिच्या जागी पडदा आला. त्या पडद्यासमोर अडखळणाऱ्या वडिलांच्या खांद्यावरून मुलगा वाकतो आणि म्हणतो, ‘बाबा, द्या इकडे, मी करून देतो.’ काम दोन मिनिटांत होते. शिकणे मात्र तेथेच थांबते.

या एका वाक्याची किंमत पुढे कळते. बँकेचा तपशील, वीजबिल, रेल्वेचे आरक्षण, प्राप्तिकराचे विवरण ही सारी कामे घरातील तरुणांच्या हाती जातात आणि त्यांच्याबरोबर परवलीचे शब्दही जातात. आयुष्यभर स्वतःचा हिशेब स्वतः ठेवलेल्या माणसाला आपल्याच खात्यात किती रक्कम आहे, हे दुसऱ्याला विचारावे लागते. मुले परगावी किंवा परदेशी गेली, की हे परावलंबन अधिकच बोचते. म्हणूनच ज्येष्ठांना संगणक शिकवणे हा फावल्या वेळेतील छंद न मानता त्यांच्या स्वावलंबनाचा प्रश्न मानला पाहिजे. तो सोडवण्याचा पहिला नियम साधा आहे : शिकणाऱ्याच्या हातातील माउस शिकवणाऱ्याने काढून घेऊ नये.

मागे राहिलेली पिढी

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख होती. त्यांपैकी बहुतेकांच्या शिक्षणात आणि नोकरीच्या उमेदीत संगणक कोठेही नव्हता. देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. १९५० साली जन्मलेली व्यक्ती तेव्हा पंचेचाळिशीत होती. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली, ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रम गावोगावी पोहोचला आणि नोकरी शोधणाऱ्या लक्षावधी तरुणांनी तो पूर्ण केला. नेमक्या त्याच सुमारास, २०००-०१ मध्ये, सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या अनेक कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. शाखा एकमेकींना संगणकाने जोडल्या जाण्यापूर्वीच ही मंडळी खातेवह्या मिटून घरी आली.

पुढे कामे मात्र एकामागून एक पडद्यावर गेली. ऑगस्ट २००२ मध्ये रेल्वेचे आरक्षण इंटरनेटवर सुरू झाले, २०१६ मध्ये ‘यूपीआय’ आले. २०१७ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण भागासाठी ‘प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान’ मंजूर केले, तेव्हा सहा कोटी कुटुंबांतील एकेका व्यक्तीला साक्षर करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. त्यासाठीची वयोमर्यादा १४ ते ६० वर्षे अशी होती. हे अभियान मार्च २०२४ मध्ये संपले. ज्या वयात माणसाला या साक्षरतेची गरज सर्वाधिक भासते, त्याच वयाच्या उंबरठ्यावर योजनेचे दार बंद होत होते. परिणामी ज्येष्ठांना शिकवण्याची जबाबदारी मुख्यतः घराने आणि शेजाराने उचलायची आहे.

भीती बुद्धीच्या अभावाची नव्हे

१९९९ मध्ये सुगत मित्रा यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात एका भिंतीत संगणक बसवला, तेव्हा वस्तीतील मुले कोणी न शिकवता तो हाताळू लागली. मूल कोणतीही कळ दाबून पाहते. साठीच्या व्यक्तीकडून तशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे आणि त्यामागे कारणही आहे. या पिढीने हाताळलेली यंत्रे चुकीला क्षमा करणारी नव्हती. रेडिओचे बटण जोरात फिरवले तर ते निखळे, मिक्सर ताणला तर मोटार जळे आणि दुरुस्तीचा खर्च महिन्याच्या हिशेबात खुपे. ‘काही बिघडले तर?’ हा प्रश्न त्या अनुभवातून आलेला शहाणपणाचा प्रश्न आहे.

म्हणून पहिल्याच दिवशी बिघडवणे आणि सुधारणे शिकवावे. शिकणाऱ्याने स्वतःचे नाव टंकित करावे, ते पूर्ण पुसावे आणि मग कंट्रोल व झेड या दोन कळा एकत्र दाबून परत आणावे. एखादी फाइल रिसायकल बिनमध्ये टाकून ती पुन्हा बाहेर काढावी. उघडलेली खिडकी बंद करून पुन्हा उघडावी. संगणकावरील बहुतेक चुका मागे घेता येतात, हे सांगण्यापेक्षा करून पाहिल्याने पटते. त्याच वेळी हेही स्पष्ट सांगावे, की तीन गोष्टी मात्र मागे घेता येतील असे मानू नये : पाठवलेला संदेश, दिलेले पैसे आणि दुसऱ्याला सांगितलेला परवलीचा शब्द. एरवी मोकळेपणाने चुकावे, या तीन ठिकाणी थांबून विचार करावा.

वयामुळे नवे शिकता येत नाही, हा समजही तपासून घ्यावा. वयानुसार प्रतिक्रियेचा वेग मंदावतो आणि एकाच वेळी अनेक सूचना ध्यानात ठेवणे जड जाते, हे खरे आहे. परंतु अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टिमथी सॉल्टहाउस यांनी १९८४ मध्ये १९ ते ७२ वर्षे वयाच्या टंकलेखकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वयस्क टंकलेखकांची बोटे प्रतिक्रियेत मंद असूनही त्यांचा टंकलेखनाचा वेग मात्र तरुणांपेक्षा कमी आढळला नाही. ते मजकुरात डोळ्यांनी अधिक पुढचे वाचत आणि वेळेची भरपाई करून घेत. सरावलेले कौशल्य वयाला असे वळसा घालू शकते. नवे कौशल्य मुरायला वेळ अधिक लागतो, एवढेच ध्यानात ठेवावे.

बैठक, प्रकाश आणि चष्मा

‘मला जमत नाही’ असे म्हणणाऱ्या व्यक्तीला अनेकदा केवळ दिसत नसते. चाळिशीनंतर जवळचे पाहण्याची डोळ्यांची लवचीकता घटते. दोन भिंगांचा चष्मा असेल, तर वाचनाचे भिंग खालच्या भागात असते; पडदा त्यातून पाहण्यासाठी हनुवटी वर उचलावी लागते आणि तासाभरात मान भरून येते. पडद्याची उंची थोडी कमी करावी. तरीही त्रास होत असल्यास नेत्रतपासनिसाला पडद्याचे अंतर सांगून त्यासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा. पडदा साधारण हातभर दूर असावा. खिडकी किंवा दिवा थेट त्यावर चमकणार नाही, अशी मांडणी करावी.

त्यानंतर अक्षरे मोठी करावीत. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ या विभागात अक्षरांचा आकार वाढवण्याची तसेच बाणाचा आकार आणि रंग बदलण्याची सोय आहे. संकेतस्थळ वाचताना कंट्रोल आणि अधिक चिन्ह एकत्र दाबले, की मजकूर मोठा होतो. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार लक्ष्य जितके मोठे आणि जवळ, तितके ते गाठायला वेळ कमी लागतो. मोठ्या अक्षरांनी आणि मोठ्या चिन्हांनी डोळ्यांबरोबर हाताचेही काम हलके होते.

माउस : सर्वांत अवघड धडा

डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माउसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले. त्यांच्या पहिल्या नमुन्याचा सांगाडा लाकडी होता. तरुणांना आज माउस हे हाताचेच लांबवलेले बोट वाटते. पण प्रथमच तो हाती घेणाऱ्याला ती क्रिया विलक्षण वाटते. हात टेबलावर आडवा सरकतो आणि बाण उभ्या पडद्यावर वर जातो. लिहिताना, विणताना, भाजी चिरताना नजर हातावर असते. येथे हाताकडे न पाहता पडद्याकडे पाहायचे असते. शिलाई मशीन शिकताना पायाचा ताल आणि हाताची दिशा जुळायला जसे काही दिवस जातात, तसेच येथेही घडते.

या धड्यातील अडचणी ठरावीक असतात. टेबलाची कड आली, की शिकणारा थांबतो. अशा वेळी माउस उचलून मागे ठेवायचा असतो आणि उचलल्याने बाण हलत नाही, हे दाखवून द्यावे. अनेकांचा माउस सरकवतानाच दाबला जातो आणि फाइल भलतीकडे ओढली जाते. मनगट टेकवून तर्जनी तेवढी हलवण्याचा सराव त्यावर उपयोगी पडतो. डबल क्लिक म्हणजे लागोपाठ दोन टिचक्या. विंडोजमध्ये त्या दोहोंसाठी मुळात अर्ध्या सेकंदाची मुदत असते. थरथरत्या हाताला ती अपुरी पडते. माउसच्या सेटिंग्जमध्ये ही मुदत वाढवता येते. त्याहून सोपा उपाय म्हणजे एकदा क्लिक करून एंटर कळ दाबणे. संधिवाताने बोटे आखडली असतील, तर ‘क्लिकलॉक’ ही सोय सुरू करावी. मग ओढून नेताना बटण दाबून धरावे लागत नाही.

सरावासाठी पत्त्यांच्या ‘सॉलिटेअर’ खेळाइतके सोयीचे साधन क्वचितच सापडेल. १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर हा खेळ आला आणि पत्ता उचलून दुसऱ्या पत्त्यावर ठेवता ठेवता एका पिढीला ओढणे आणि सोडणे या क्रियांची सवय लागली. आज हा खेळ जाहिरातींसह मिळतो, म्हणून खेळ कोठे संपतो आणि जाहिरात कोठे सुरू होते, हे आधी दाखवून ठेवावे. पत्ते नको असणाऱ्यांना चित्र रंगवण्याचा ‘पेंट’ हा कार्यक्रम द्यावा. रांगोळीचे ठिपके मांडून ते जोडण्याचा प्रयत्न केला, तरी हात आठवड्याभरात बराच स्थिरावतो.

कळफलक आणि मराठी

कार्यालयात टंकलेखन केलेल्यांना कळफलकाची ओळख करून देणे सोपे असते. इंग्रजी अक्षरांची मांडणी १८७० च्या दशकातील टंकलेखन यंत्रावरूनच आली आहे आणि शिफ्ट कळही तेथूनच आली. ओळ संपल्यावर टंकलेखक यंत्राचा गाडा ढकलून पुढील ओळीवर येई, तेच काम आता एंटर करते. फरक एवढाच, की ओळ भरली म्हणून एंटर दाबायचे नाही, परिच्छेद संपला म्हणून दाबायचे. जुन्या यंत्राची कळ ठोकावी लागे. संगणकाची कळ दाबून धरली, की एकच अक्षर ओळभर उमटत जाते. कळफलकाच्या सेटिंग्जमध्ये अक्षर पुन्हा उमटण्यापूर्वीचा अवधी वाढवला, की ही तक्रार मिटते. परवलीचा शब्द वारंवार चुकीचा ठरत असेल, तर कॅप्स लॉक चुकून सुरू राहिले आहे काय, हे प्रथम पाहावे.

मराठी लिहिता येते, हे कळल्यावर अनेक ज्येष्ठांचा संगणकाशी असलेला दुरावा एका दिवसात कमी होतो. पूर्वी प्रत्येक फाँटची संकेतव्यवस्था निराळी असे आणि एका संगणकावरील मराठी दुसऱ्यावर अनाकलनीय चिन्हे होऊन उमटे. १९९१ पासून विकसित झालेल्या युनिकोड प्रणालीने हा प्रश्न सुटला. लिहिण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला इनस्क्रिप्ट कळफलक : यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. इंग्रजी ‘के’च्या कळीवर ‘क’ आणि शिफ्टसह ‘ख’, ‘आय’च्या कळीवर ‘ग’ आणि शिफ्टसह ‘घ’ अशी ही मांडणी वर्णमालेच्या क्रमाशी नाते राखते. ज्यांना इंग्रजी टंकलेखन येत नाही, त्यांना हीच पद्धत सरळ वाटते. दुसरा मार्ग उच्चारानुसार रोमन अक्षरांतून लिहिण्याचा. २०१९ पासून विंडोज १० मध्ये मराठीसाठी तो अंतर्भूत झाला. मराठी टंकलेखन यंत्रावर काम केलेल्यांसाठी तिसरा, रेमिंग्टन मांडणीचा मार्ग खुला आहे. याशिवाय बोलून लिहिण्याची सोयही आहे. गूगलने २०१७ मध्ये मराठीला तिच्यात स्थान दिले. कोणताही एक मार्ग निवडावा आणि निदान दोन महिने बदलू नये.

फाइल, फोल्डर आणि आवक-जावक

संगणकाच्या पडद्याची रचना मुळात कार्यालयातील टेबलावरून घेतली आहे. झेरॉक्स कंपनीच्या १९८१ मधील ‘स्टार’ संगणकावर टेबल, कागद, फोल्डर आणि टपालाची चिन्हे होती आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. निवृत्त कारकून, शिक्षक किंवा मुख्याध्यापिका यांना ही भाषा परकी नाही. पडद्यावरील मजकूर हा कच्चा खर्डा आहे. ‘सेव्ह’ केल्यावर तो दप्तरी दाखल होतो. फोल्डर म्हणजे विषयवार धारिका. ईमेलचा ‘इनबॉक्स’ म्हणजे आवक नोंदवही आणि ‘सेंट’ म्हणजे जावक नोंदवही. ‘सीसी’ ही अक्षरे तर कार्बन कागदावरील प्रतीवरूनच आली आहेत. ज्यांनी आयुष्यभर तीन प्रतींत पत्रे काढली, त्यांना हे एकदाच सांगावे लागते.

उपमा कोठे तोकडी पडते, हेही सांगितले पाहिजे. लखोट्यात घातलेला कागद आपल्या हातून जातो. ईमेलला जोडलेली फाइल मात्र आपल्याकडे तशीच राहते आणि पुढे जाते ती तिची प्रत. एकच फाइल दोन धारिकांत ठेवली, तर त्या दोन स्वतंत्र प्रती होतात आणि एकीतील दुरुस्ती दुसरीत उतरत नाही. घरकामाचा अनुभव असलेल्या आईला दप्तराऐवजी डब्यांच्या फळीचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. डब्यावर नाव नसेल तर जिरे आणि शहाजिरे यांचा घोटाळा होतो. तसेच फाइलला ‘नवीन १’ असे नाव दिले, तर महिन्याने ती कोणालाच सापडत नाही.

पहिल्या आठ बैठका

हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले, की एकदाच दीर्घकाळ केलेल्या पाठांतरापेक्षा थोडे थोडे, अंतराने केलेले पाठांतर अधिक टिकते. त्यामुळे रविवारी तीन तास बसवण्यापेक्षा रोज अर्धा तास बसणे श्रेयस्कर. पुढील क्रम बहुतेक घरांत चालण्याजोगा आहे.

पहिली बैठक : संगणक सुरू करणे, रीतसर बंद करणे, अक्षरे मोठी करणे. दुसरी : माउस आणि पत्त्यांचा खेळ. तिसरी : कळफलक, चार ओळी लिहिणे, पुसणे आणि परत आणणे. चौथी : मराठीतून एक पत्र लिहून नाव देऊन जतन करणे. पाचवी : ते पत्र बंद करून पुन्हा शोधणे; ही बैठक वगळू नये, कारण ‘गेले कुठे?’ ही ज्येष्ठांची सर्वांत मोठी तक्रार असते. सहावी : इंटरनेटवर आवडीचा विषय शोधणे, मग तो नाट्यसंगीत असो, क्रिकेटचा धावफलक असो वा उकडीच्या मोदकांची कृती. सातवी : परगावच्या नातेवाइकाला ईमेल आणि त्याचे उत्तर. आठवी : आतापर्यंतचे सारे मदतीविना करून पाहणे. पैशांचे व्यवहार या आठांत नाहीत, हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

भ्रमणध्वनीवर चित्रे आणि संदेश सराईतपणे पाठवणारी व्यक्तीही संगणकावर नवखीच असते. बोटाने थेट स्पर्श करणे आणि बाण नेऊन क्लिक करणे यांत अंतर आहे. तथापि लांबलचक अर्ज भरणे, विवरणपत्र तपासणे किंवा आठवणी लिहून काढणे यांसाठी मोठा पडदा आणि खरा कळफलक डोळ्यांना आणि बोटांना अधिक सुखकर असतो.

शिकवणाऱ्याची पथ्ये

शिकवणाऱ्याने आपले हात मागे बांधून बसावे, असे म्हटले तर ते शब्दशः घ्यावे. अडखळण आली, की ‘आता समोर काय दिसते?’ असे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. मनातल्या मनात दहा अंक मोजून होईपर्यंत बोलू नये. दुसरे पथ्य भाषेचे. ‘ब्राउझरच्या टॅबवर राइट क्लिक करा’ यापेक्षा ‘सर्वांत वरच्या पट्टीवर बाण न्या आणि उजवे बटण दाबा’ असे सांगावे. संज्ञा नंतर आपोआप येतात. तिसरे, एका कामासाठी एकच मार्ग दाखवावा. तेच काम तीन प्रकारांनी होते, हे ज्ञान नवख्याला केवळ गोंधळवते. चौथे, पडद्यावरील चिन्हांच्या जागा परस्पर बदलू नयेत. देव्हाऱ्यातील वस्तू कोणी हलवल्यावर आजींना जसे चुकचुकते, तसेच येथे होते.

पाचवे पथ्य वहीचे. शिकणाऱ्याने स्वतःच्या हस्ताक्षरात, स्वतःच्या शब्दांत टिपणे काढावीत. मुलाने छापून दिलेल्या सूचना वाचल्या जात नाहीत. स्वतः लिहिलेले ‘डावीकडे वर निळा चौकोन, मग दुसरी ओळ’ हे लक्षात राहते. मात्र कार्यक्रमांचे रूप अधूनमधून बदलते आणि निळा चौकोन हिरवा होतो. यासाठी पायऱ्या पाठ करण्याबरोबर पडद्यावरील शब्द वाचून अर्थ लावण्याची सवय लावावी.

सहावे आणि सर्वांत नाजूक पथ्य मानाचे. घरात ज्यांनी सर्वांना पाढे शिकवले, त्यांनाच आता विद्यार्थी व्हायचे आहे. ‘किती वेळा सांगायचे, आई?’ हे वाक्य एकदा निघाले, तरी पुढचा प्रश्न विचारला जात नाही. लहान नातवंडे पुन्हा पुन्हा सांगायला कंटाळत नाहीत, पण त्यांचा हात वेगवान असतो. त्यांनाही आजोबांच्या माउसला हात न लावण्याचा नियम समजावून द्यावा.

पैशांचे व्यवहार आणि सावधगिरी

बँकेचे व्यवहार शिकवण्याआधी फसवणुकीची रीत शिकवावी. ठगांची साधने बदलतात, पण डावपेच दोनच असतात : भीती घालणे आणि घाई करणे. स्वतःला पोलीस किंवा केंद्रीय यंत्रणेचे अधिकारी म्हणवून दृक्‌श्राव्य फोनवर माणसाला घरातच जखडून ठेवण्याचा ‘डिजिटल अरेस्ट’ हा प्रकार २०२४ मध्ये इतका वाढला, की पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये त्याविषयी इशारा दिला. भारतीय कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. फोनवर कोणी अटकेची भीती घातली, तर फोन ठेवावा आणि घरच्यांना सांगावे, एवढेच शिकवायचे आहे.

आणखी काही नियम वहीच्या पहिल्या पानावर असावेत. पैसे मिळण्यासाठी पिन द्यावा लागत नाही. पिन केवळ पैसे देण्यासाठी असतो. ओटीपी कोणालाही सांगू नये. कोणाच्या सांगण्यावरून, आपला पडदा दुसऱ्याला दिसेल असा कार्यक्रम संगणकावर बसवू नये. बँकेचा पत्ता शोधयंत्रातून न काढता स्वतः टंकित करावा. रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर जाण्यास सांगितले होते. पत्त्याचा शेवट पाहण्याची सवय त्यामुळे उपयुक्त ठरते. फसवणूक झालीच, तर लाजेपोटी दडवू नये. १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर आणि बँकेला तत्काळ कळवावे. जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने ग्राहकाची जबाबदारी तक्रारीला लागलेल्या वेळेशी जोडली आणि ग्राहकाने स्वतः गुप्त तपशील सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याच्यावरच टाकले. विलंब महाग पडतो, तो असा. घरच्यांनीही ‘तुम्हाला सांगितले होते ना’ हे शब्द टाळावेत. त्या शब्दांच्या धाकाने अनेक तक्रारी उशिरा होतात.

परवलीचे शब्द वहीत लिहावेत काय, हा प्रश्न नेहमी पडतो. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी २००५ मध्येच असे मत मांडले होते, की सोपा शब्द लक्षात ठेवण्यापेक्षा अवघड शब्द कागदावर लिहून तो जपून ठेवणे बरे. ही वही कपाटात, दागिने आणि कागदपत्रे असतात तेथे ठेवावी. एटीएमचा पिन मात्र कार्डाबरोबर कधीही ठेवू नये. शेवटी यंत्राचाही विचार हवा. मुलांनी वापरून जुना झालेला संगणक बहुधा आईवडिलांकडे येतो. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. जुन्या यंत्रावर बँकेचे व्यवहार सुरू करण्यापूर्वी ते अद्ययावत आहे काय, हे मुलांनी स्वतः पाहावे.

घराबाहेरची शाळा

घरच्या माणसाकडून शिकताना जो संकोच वाटतो, तो समवयस्कांत वाटत नाही. फ्रान्समधील तुलूझ येथे १९७३ मध्ये पिएर व्हेलास यांनी ज्येष्ठांसाठी ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ सुरू केले. पुढे ब्रिटनमध्ये सभासदांनीच एकमेकांना शिकवण्याची पद्धत रुजली. अमेरिकेत १९८६ मध्ये मेरी फर्लाँग यांनी सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठात ‘सीनियरनेट’चा आरंभ केला, तोही ज्येष्ठांना संगणक शिकवण्यासाठीच. ज्येष्ठांनी समवयस्कांबरोबर शिकावे, हे या प्रयोगांतील समान सूत्र ठरले.

महाराष्ट्रातील शहरांत यासाठी नवी संस्था उभारण्याचीही आवश्यकता नाही. जवळपास प्रत्येक उपनगरात ज्येष्ठ नागरिक संघ आहे, वाचनालय आहे, सोसायटीचे कार्यालय आहे. दुपारच्या वेळी तेथे एक संगणक आणि दोन खुर्च्या मिळाल्या, तरी पुरे. जी व्यक्ती सहा महिन्यांपूर्वी शिकली, तीच उत्तम शिक्षक ठरते. कारण कोठे अडते, हे तिला आठवत असते.

ही साक्षरता मोजण्यासाठी प्रमाणपत्र लागत नाही. घरात कोणी नसताना वीजबिलाची शेवटची तारीख आठवली, वही काढली, चष्मा पुसला आणि बिल भरून पावती जतन केली, तो दिवस उत्तीर्ण होण्याचा समजावा. संध्याकाळी घरी परतलेल्या मुलाने ‘बाबा, बिल भरायचे राहिले ना?’ असे विचारावे आणि त्याला ‘भरले’ हे एका शब्दाचे उत्तर मिळावे. त्या दिवशी एक काम त्यांच्याकडे परत आलेले असते.